भाऊसाहेब मॅडम

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. माणूस तरणा असो की निवृत्तीला आलेला, पंचायतीच्या खुर्चीत बसला की तो भाऊसाहेब. त्यामुळे त्या जागेवर पहिल्यांदा एक बाई बदली होऊन आल्या तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांची अडचण झाली. पोरंसोरं मॅडम म्हणायला लागली. म्हाताऱ्यांनी चार दिवस काहीच न म्हणता कामं उरकून पाहिली आणि शेवटी सवयीने जुनंच तोंडात आलं. "भाऊसाहेब, दाखला झाला का?" मॅडम आतून "झालाय, या" म्हणायच्या. त्यांना त्यात काही वाटायचं नाही. त्यांना ज्या गोष्टींचं वाटायचं त्या वेगळ्याच होत्या.

खुर्चीत बसला की, असं मी वर लिहिलं खरं, पण मॅडम खुर्चीत बसायच्याच नाहीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली, कामाला येईल त्याने बसावं म्हणून. स्वतः टेबलाभोवती फिरत राहायच्या. फिरत फिरत फोनवर बोलायच्या, उभ्याने कागद चाळायच्या, उभ्यानेच सह्या करायच्या. दुपारी डबा उघडला की एका हातात भाकरी घेऊन झेंड्याच्या खांबाभोवती चकरा. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मला बसवतच नाही. बसलं की झोप येती." त्या बार्शीकडच्या. नेरळला एक खोली भाड्याने घेऊन एकट्या राहायच्या आणि रोज स्कूटीवरून यायच्या. स्कूटी इतकी वाईट चालवायच्या की लांबून आवाज आला तरी बाया पोरांना कडेला ओढायच्या.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आमचं गाव पोशीरच्या पलीकडे, भाताच्या शेतांत वसलेलं. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला. कर्जतच्या कॉलेजातून बीकॉम झाले आणि पंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची नोकरी मिळाली. कंत्राटी, दर मार्चला नवा कागद करायचा. ती मिळाली अण्णांच्या शब्दाने. अण्णा म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई सभेत बसायच्या, बोलायचे अण्णा. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी मयत झालं, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर अण्णांची गाडी दारात उभी असायची. आमच्यासाठीही.

माझे आजोबा पंचायतीच्या पायरीच्या वर कधी चढले नव्हते. वडील आत यायचे, पण भिंतीला टेकून उभे राहायचे. मी पंख्याखाली, चाकाच्या खुर्चीवर बसत होते. मला माझी खुर्ची फार आवडायची. मॅडमच्या चकरा बघून मला सुरुवातीला रागच यायचा. जी मिळवायला आमच्या तीन पिढ्या गेल्या ती वस्तू ही बाई उचलून व्हरांड्यात ठेवते, असं वाटायचं. ते मी त्यांना कधी बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनी कधी विचारलंही नाही. अख्ख्या गावाला मत विचारत फिरणाऱ्या या बाईंनी, माझ्या घरी कोण आहे, मला पुढे काय करायचंय, असं तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मत विचारायचं त्यांना वेडच होतं. चहा घेऊन येणाऱ्या मावशींना त्या विचारायच्या, "मावशी, सभा सकाळी घ्यावी का संध्याकाळी? तुमचं काय म्हणणं?" मावशी म्हणायच्या, "माझं काय म्हननं असनार, मॅडम? मी चहा आनते." मॅडम हटायच्या नाहीत. मावशींनी शेवटी वैतागून सांगितलं, "संध्याकाळी घ्या. सकाळी बाया पानी भरतात, शेतावर जातात. तुमी सकाळी घेता म्हनून तर पुरुषच येतात." त्यानंतर वॉर्डसभा संध्याकाळी व्हायला लागल्या. अण्णांची टीव्हीवरची बातम्यांची वेळ गेली म्हणून ते महिनाभर कुरकुरत होते.

पंचायतीच्या इमारतीला रंग द्यायचा होता. सदस्यांनी नेहमीचा पिवळा ठरवला. मॅडम म्हणाल्या, "ही इमारत सगळ्यात जास्त वर्षं कोण बघणारंय? शाळेतली पोरं. त्यांना विचारू." सगळे हसले. मॅडम मात्र खरंच शाळेत गेल्या, चिठ्ठ्या टाकायला लावल्या. पोरांनी जांभळा निवडला. मॅडमनी जांभळा दिला. कर्जतहून साहेब आले की आधी बाहेर उभे राहून भिंतींकडे बघायचे. अण्णा म्हणाले, "लांबून वांगं दिसतंय." पण पोरं शाळेतून घरी जाताना त्या भिंतीला हात लावून जायची, हे मी माझ्या खिडकीतून रोज बघत होते.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण होतं एका शब्दाशी. सभेचं इतिवृत्त लिहायचं जे जाड रजिस्टर असतं, त्याला गावात प्रोसिडिंग म्हणतात. त्यात प्रत्येक ठरावाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर' लिहायची रीत आहे. मॅडम तो शब्द लिहायच्या नाहीत. "सर्व म्हणजे कोण? नावं सांग," असं त्या मलाच विचारायच्या, जणू तो शब्द मी शोधून काढला होता. जुनी रजिस्टरं काढून त्यांनी मला दाखवलं. वर्षानुवर्षं प्रत्येक ठरावाला सूचक तोच, अनुमोदक तोच. "या गावात दोनच माणसं राहतात की काय?" असं म्हणून त्या पुन्हा चालायला लागल्या. त्या स्वतः प्रोसिडिंग लिहायच्या तेव्हा माणूस जसं बोलला तसंच लिहायच्या. हाय तर हाय, नाय तर नाय. कोण आलं होतं आणि बोललं नाही, तेही लिहायच्या. सभेत बोलायची सुरुवात त्या मागच्या ओळीपासून करायच्या. पुढे बसलेले मानकरी आपली पाळी येईपर्यंत जांभया द्यायचे.

हे सगळं सांगताना त्या फार थोर होत्या असं वाटायला नको. त्यांना धीर नव्हता. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य त्याच पुरं करायच्या. एकदा आमच्या वाडीतल्या एका विधवा बाईंना त्यांनी भर सभेत उभं केलं. त्या बाई म्हणत होत्या, "मला बोलवत नाय, मॅडम, राहू द्या." मॅडम म्हणाल्या, "बोलायलाच पाहिजे. आज नाही तर कधी?" त्या बाई रडायला लागल्या आणि उठून गेल्या. मुलगा घरी त्यांना वाटेल ते बोलला. दुसऱ्या दिवशी मॅडम त्यांच्या दाराशी गेल्या. बाईंनी आत बोलावलं नाही. मॅडम बराच वेळ दाराबाहेर उन्हात उभ्या राहिल्या आणि परत आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "चुकलं माझं." एवढंच. पुढच्या सभेपासून त्या आधी घरोघर जायला लागल्या, कोणाला बोलायचंय आणि कोणाला नुसतं ऐकायचंय ते विचारायला.

आता साकवाचं सांगते.

गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी आहे. वाडी आणि गाव यांच्यामध्ये ओढा. उन्हाळ्यात तो पायरी उतरावी तसा ओलांडता येतो. पावसात वाडीतली पोरं शाळेत येत नसत, किंवा मोठ्या माणसाच्या खांद्यावर बसून येत. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, मंजूर झाला. एकच. इंजिनिअर उन्हाळ्यात येऊन दोन जागा बघून गेला होता, त्यातली कोणती हे ग्रामसभेने ठरवायचं होतं. एक जागा वर, वाडीच्या पायवाटेवर. दुसरी खाली, जिथे नेरळच्या एका बिल्डरने बंगल्यांचे प्लॉट पाडले होते. खाली साकव झाला तर प्लॉटवाले पुढचा रस्ता करून देणार होते आणि तो रस्ता अण्णांच्या शेतावरून जाणार होता. अण्णांनी हे लपवलं नव्हतं. "रस्ता झाला तर सगळ्यांचाच होईल ना," असं ते म्हणायचे.

ग्रामसभेआधी मॅडमनी बालसभा घेतली. तीही ओढ्यात. भर पावसाळ्याचे दिवस, पोरं गुडघाभर पाण्यात, मॅडम साडी खोचून दगडावर, आणि मी छत्री धरून काठावर वही घेऊन. वाडीतली जनी नावाची पोर होती, बारा वर्षांची, काळीसावळी, शांत. घरी ती वाडीच्या बोलीत बोलायची, आमच्याशी गावच्या. ती मॅडमचा हात धरून त्यांना खालच्या जागेवर घेऊन गेली, तिथून वर घेऊन आली. मग म्हणाली, "आता कळलं?" मॅडम म्हणाल्या, "मला कळलं. सभेत सांगशील?" जनीने विचारलं, "हसतील का?" मॅडम म्हणाल्या, "हसतील."

ग्रामसभेत जनी तिच्या आईच्या शेजारी उभी राहून बोलली. "खाली पानी दगडाच्या वरून जातं. आमी खेकडी धरायला जातो तवा बघतो. वर दोन कातळ हायेत, तितं ओढा अरुंद हाय, पानी खालून जातं. खाली बांधलात तर साकव पान्यात जाईल आनि आमी हाय तितंच."

पुढच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "पोरी, इंजिनेर तू का तो?"

"तो पावसात आलाच नाय," जनी म्हणाली.

लोक हसले, पण ते हसणं इंजिनिअरला होतं. जनीच्या आईने वरच्या जागेची सूचना मांडली, आमच्या वाडीतल्या एकाने अनुमोदन दिलं. पोर मतदार नसते, तिच्या नावाने ठराव होत नाही. पण मॅडमनी प्रोसिडिंगमध्ये तिचं बोलणं शब्द न् शब्द लिहिलं. खेकड्यांसकट.

दोन दिवसांनी मॅडम मीटिंगसाठी पंचायत समितीत गेल्या होत्या तेव्हा अण्णा ऑफिसात आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "साकवाच्या ठरावाची नक्कल आज जायला पायजे गं," म्हणाले. "जागा खालची टाक."

मी म्हणाले, "सभेत वरची ठरली, अण्णा."

"मला माहीत हाय. पन वरच्या जागेला फॉरेस्टची हद्द लागते. प्रस्ताव अडकला तर दोन्ही जागा जातील. आता खालचा होऊ दे, पुढच्या वर्षी वाडीला दुसरा टाकू. मी शब्द देतो. मॅडम बाहेरच्या हायेत, त्यांना इथलं कळत नाय." नोकरीचं त्यांनी काहीच काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मी टाईप केलं. 'सर्वानुमते' हा शब्दही टाईप केला. तो कागद मी रहिवासी दाखल्यांच्या गठ्ठ्यात घातला. मॅडम संध्याकाळी आल्या, नेहमीसारख्या घाईत. उभ्याउभ्या पेन उघडून म्हणाल्या, "वाचलंस ना सगळं?" मी "हो" म्हणाले. त्यांनी एकामागून एक सह्या केल्या. मी शिक्का मारत गेले.

त्यानंतरचे दिवस मला नीट झोप लागली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप लागायची. दिवसा मात्र मी सारखी उठायला लागले. पाणी प्यायला, फाईल आणायला, उगाच बाहेर. मॅडम एकदा म्हणाल्या, "तुलाही माझी सवय लागली वाटतं."

दिवाळीनंतर एका दुपारी जनी शाळा सुटल्यावर पंचायतीत आली. ती याआधी कधी आत आली नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, फक्की खाली मारलीय." ठेकेदाराची माणसं येऊन पांढऱ्या फक्कीने साकवाची आखणी करून गेली होती, खालच्या जागेवर.

मॅडमनी कपाटातून फाईल काढली. नक्कल वाचली, पुन्हा वाचली. मग खाली आपली सही बघितली. आणि त्या खाली बसल्या. खुर्ची व्हरांड्यात होती, म्हणून जमिनीवरच, कपाटाला टेकून. जनी माझ्याकडे बघत होती आणि मी कॉम्प्युटरकडे.

"तू वाचला होतास ना हा कागद?" मॅडमनी विचारलं.

"हो."

त्यांनी कोणी सांगितलं ते विचारलं नाही. उठल्या, म्हणाल्या, "चल."

आम्ही तिघी चालत वाडीवर गेलो. वाडीत बाया आपल्या कुडाच्या झापांच्या बाहेर बसल्या होत्या. मॅडम मला म्हणाल्या, "सांग." मला वाटलं होतं, त्या सांगतील आणि मी मान खाली घालून उभी राहीन. पण त्या दहा पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. मी सांगितलं. सभेत काय ठरलं होतं, मी काय टाईप केलं, कोणत्या गठ्ठ्यात घातलं. जनीची आई शेवग्याच्या शेंगा बांधत होती, ती बांधतच राहिली. तिथल्या बायांना नवल वाटलं नव्हतं. ते मला सगळ्यात जास्त लागलं. नवल फक्त जनीला वाटलं.

"मंग मी बोलले ते कुटं गेलं?" तिने विचारलं.



मॅडमनी त्याच दिवशी तालुक्याला पत्र लिहिलं. नक्कल चुकीची आहे, मूळ इतिवृत्तात वेगळं आहे, आणि मी न वाचता सही केली, असं. मी म्हणाले, "मॅडम, माझं नाव लिहा." त्या म्हणाल्या, "सही तुझी आहे का?" आठवड्याभरात त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. ती त्यांनी उभ्यानेच वाचली, पण या वेळी हळू, बोट फिरवत.

विशेष ग्रामसभा बोलवायची तर मतदारांचा मागणीअर्ज लागतो. मॅडम तो घेऊन कुठेही गेल्या नाहीत, त्यांना तसं करताही येत नव्हतं. जनीची आई आणि वाडीतल्या बायाच अर्ज घेऊन घरोघर फिरल्या, आमच्या वाडीतही आल्या. माझ्या वडिलांनी सही केली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

सभेला पंचायतीच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मॅडमनी मागच्या ओळीपासून सुरुवात केली. मी कोणत्याच ओळीत नव्हते, बाजूच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर होते. मी उभी राहिले. म्हणाले, "नक्कल मी टाईप केली. सभेत असं ठरलं नव्हतं."

अण्णा पुढच्या ओळीत होते. त्यांनी शांतपणे मागे वळून विचारलं, "तुला कोनी सांगितलं होतं का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. सरपंचबाई खाली बघत होत्या. मी म्हणाले, "नाही. मीच केलं."

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. क्षणभर त्यांचं पेन थांबलं. मग मी जे म्हणाले तेवढंच त्यांनी लिहिलं, त्यात एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. ते पान आजही पंचायतीत आहे. मी ते नंतर कधी उघडलं नाही.

हात वर करून मतं घेतली. वाडीचे सगळे हात, आमच्या वाडीतले बरेच, आणि वर शेतं असलेल्या काही शेतकऱ्यांचे. वरची जागा पास झाली. फॉरेस्टची हद्द त्या जागेला लागतच नव्हती.

मार्चमध्ये माझा कागद झाला नाही. मे महिन्यात मॅडमची बदली झाली, खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला. नियमाप्रमाणेच झाली असं सगळे म्हणाले. निरोप समारंभाला मी गेले होते, मागे उभी. हार, शाल, नारळ सगळं होतं. अण्णांनी भाषण केलं आणि ते चांगलं केलं. मॅडमनी शाल उभ्यानेच घेतली. मग माईक घेऊन विचारलं, "वाडीतलं कोण आलंय?" कोणी आलं नव्हतं, कारण कोणी बोलावलं नव्हतं. "मग हा कसला निरोप?" असं म्हणून त्यांनी नारळ पिशवीत टाकला, स्कूटी काढली आणि कार्यक्रम अर्धा सोडून वाडीच्या वाटेला लागल्या. जेवणाच्या पंगती तशाच खोळंबल्या. माझ्या शेजारून गेल्या तेव्हा थांबतील असं मला वाटलं होतं. त्यांचं लक्षच नव्हतं.

साकव पुढच्या उन्हाळ्यात झाला, दोन कातळांच्या मधे. जनी त्यावरून एकच पावसाळा शाळेत गेली. त्या हिवाळ्यात तिचे आईवडील वीटभट्टीवर गेले आणि तिला घेऊन गेले. परत आल्यावर ती शाळेत बसली नाही. हे मला कळलं तेव्हा मी नेरळला एका नव्या गृहप्रकल्पाच्या ऑफिसात ग्राहकांचे फॉर्म भरत होते.

पुढच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डाची जागा राखीव झाली आणि आमच्या वाडीतल्या लोकांनी मला उभं केलं. मी निवडून आले. आमच्या बौद्धवाडीची जुनी मागणी होती अभ्यासिकेची. घरं लहान, पोरं एमपीएससीचा, पोलीसभरतीचा अभ्यास करतात, बसायला जागा नाही. मी वर्षभर खेटे घालून ती मंजूर करून आणली. जागाही शोधली, आमच्या वाडीच्या मागचा माळ, सरकारी, मोकळा. माळाच्या ओढ्याकडच्या कडेला दगड रचलेल्या काही जागा होत्या. त्या कसल्या हे मला लहानपणापासून माहीत होतं. प्रस्ताव लिहिताना ते माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. लक्षात आलं होतं. वर वाडीत जाऊन विचारायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, वेळ नाही.

ग्रामसभेत ठराव वाचून झाला, आमचे लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. मी ओळखलं नाही. ती एका रोपवाटिकेत कामाला होती, तिथूनच आली होती, नखांत माती होती. नाव सांगितलं तेव्हा कळलं, जनी. मतदार यादीत त्याच वर्षी नाव आलं होतं.

"त्या माळावर आमची मेलेली मानसं हायेत," ती म्हणाली. "आमी पुरतो. माझी आजी तितंच हाय."

आमच्या वाडीतले एक काका उठले. "म्हंजे प्रत्येक टायमाला आमीच थांबायचं का? आमच्या पोरांनी कवा शिकायचं?" ते रागाने बोलले नाहीत, थकून बोलले. त्यांचंही खोटं नव्हतं. माझे वडील त्यांच्या शेजारी बसले होते.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ही आत्ताच का उठली, नकाशा मंजूर व्हायच्या आधी कुठे होती, हिला कोणी पढवून पाठवलंय का, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. अण्णा पुढच्या ओळीत होते, आता म्हातारे झालेले. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळख होती.

मी ठराव महिनाभर पुढे ढकलायला सांगितला. आमच्या वाडीतून कोणी माझ्याबरोबर घरी चालत आलं नाही. वडील रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनीला घेऊन मी माळावर गेले. ती एकेका दगडांच्या रचणीजवळ थांबून नाव सांगत गेली. आजीचं, काकाचं, साकव व्हायच्या आधी पावसात दवाखान्यात नेता न आलेल्या एका बाळंतिणीचं. मी ऐकत होते आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं. मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच. पलीकडे हायवेच्या ट्रकांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, अभ्यासिका, काका, वडील, जनी. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, हे मला नवीन होतं. मी म्हणाले, "मॅडम, आता मी काय करू?"

"ती कुठंय?" त्यांनी विचारलं.

"इथंच. समोर उभी आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी जनीजवळ गेले. विचारलं, "मग अभ्यासिका कुठं बांधू?"

तिने माझ्याकडे निरखून बघितलं, मी खरंच विचारतेय का ते बघत असावी. "मला इचारता, ताई?"

"हो."

"मंग चला," ती म्हणाली. "जरा लांब हाय." आणि ती ओढ्याच्या दिशेने चालायलाही लागली. मी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागून निघाले.